आधी हार, मग गाडी

आजच्या या निरोपसमारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय मोतीलालजी. प्रमुख पाहुणे, या भागाचे लाडके नेते माननीय भैय्याजी. उद्यापासून माझ्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसणाऱ्या कमलाबाई. संस्थेचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, गावोगावहून कामधंदा टाकून आलेले पालक, आणि स्वागतगीत संपलं तरी हार्मोनियमच्या मागं तशाच बसवून ठेवलेल्या माझ्या मुलींनो,

आत्ता वाचलं गेलेलं मानपत्र मी लक्ष देऊन ऐकलं. इतकं लक्ष देऊन, की प्रत्येक वाक्याचा शेवट मला वाचणाऱ्याच्या आधी ठाऊक असायचा. सभागृहात काहींना वाटलं असेल की बाईंचे ओठ भावनेनं हलताहेत. तसं नाही. हे मानपत्र मीच लिहिलेलं आहे. आज नव्हे, सात वर्षांपूर्वी, आणि माझ्यासाठी नव्हे, भैय्याजींसाठी. त्याची प्रत शाळेच्या कपाटात पडून होती. कोणीतरी ती काढली, झटकली, नाव बदललं आणि माझ्या हाती दिली. नाव बदललं, बाकी मजकूर शाबूत. त्यामुळं आज साठीच्या उंबरठ्यावर मला कळलं की मी ‘या काळ्या मातीचा सुपुत्र’ आहे आणि मी ‘वादळी दौरे करून जनजागृती’ केली आहे. माझा सगळ्यात वादळी दौरा म्हणजे दहावीच्या वर्गातून आठवीच्या वर्गात. पण तिथं जागृती व्हायची, हे मात्र खरं. मागच्या बाकावरच्या खडबडून जाग्या व्हायच्या.

कमलाबाई, ओशाळू नका. मी रागावलेली नाही. आपण लिहिलेली खोटी स्तुती एक दिवस आपल्याच गळ्यात पडावी, यापेक्षा योग्य सत्कार मला सुचत नाही.

मी कडक होते असं इथं चार वक्त्यांनी चार परींनी सांगितलं. एकानं ‘शिस्तप्रिय’ म्हटलं, एकानं ‘करारी’. तिसऱ्यानं ‘वरून फणस’ म्हणून सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून वाक्य तिथंच सोडलं. भैय्याजी मात्र म्हणाले, ‘बाईंनी मला शब्द दिले.’ हे एवढं एक वाक्य त्यांच्या भाषणात त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते अगदी खरं आहे. त्या शब्दांचं पुढं काय झालं, हे सांगितल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही. आपण थोडं ऐकून घ्यावं.

भैय्याजी पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा नुकतेच निवडून आले होते. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी, डोळ्यांत तेज. खरंच तेज होतं, मी थट्टा करीत नाही. म्हणाले, ‘बाई, विचार माझ्यापाशी बहुत आहेत. भाषा तेवढी तुमची पाहिजे.’ आता मी नागपूरच्या कॉलेजात वादविवाद गाजवलेली बाई. तिथून जी इथं आले ती उपस्थिती मांडण्यात आणि खडूची पेटी कुलपात ठेवण्यात बुडाले होते. माझी भाषा कोणाला पाहिजे असेल, हे मी विसरूनच गेले होते. त्यांनी मागितली आणि मी दिली. पहिलं भाषण त्याच रात्री लिहून टाकलं. त्यात ‘परिवर्तनाची पहाट’ होती, ‘तळागाळातला माणूस’ होता, आणि ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ हे तीनदा होतं.

त्यानंतर जिल्ह्यात कुठंही भैय्याजी स्त्रीशिक्षणावर बोलले की ते मी बोललेलं असे. मी मागच्या रांगेत बसून ऐकायची. टाळी पडली की मान खाली घालायची, विनयानं. शेजारच्या बाईला वाटे, हिला काय झालं?

आपल्या पुरोगामी पुढाऱ्यांना लोक ढोंगी म्हणतात. मला ते पटत नाही, आणि भैय्याजी समोर आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. समोर कोण आहे हे बघून बोलायची सवय मला लागली असती तर मी केव्हाच कुठल्या तरी समितीवर असते. ढोंगी माणसाला आपण खोटं बोलतो हे ठाऊक असतं. भैय्याजींचं तसं नव्हतं. ते बोलत तेव्हा त्यांना मनापासून वाटे की बोललं म्हणजे झालं. दारिद्र्याविरुद्ध तळमळून बोलले की खाली उतरताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू थोडं दारिद्र्य कमी झालं. त्यांना हसायचा अधिकार मला नाही. त्यांना वाटे बोललं की झालं. मला वाटे लिहिलं की झालं. आम्ही दोघं मिळून या भागातल्या स्त्रीची किती उन्नती केली, याला सुमार नाही. स्त्रीला तेवढं कळवायचं राहून गेलं.

आता मूळ गोष्ट. ती एका गाडीची आहे.

आपल्या शाळेच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना घरी नेणारी शेवटची एस.टी. पाचला फाट्यावर येते. तेव्हाही यायची, आजही येते. शाळा सुटते साडेपाचला. म्हणून बाहेरगावच्या मुली शेवटचा तास सोडून निघत. दहावीचा शेवटचा तास होता गणिताचा. वेळापत्रक मी केलेलं. गणिताचा तास सकाळी का घेतला नाही, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं; मागच्या आठवड्यात, कपाट आवरताना. इतकी वर्षं मी सरकारकडे गाडी मागत राहिले. घंटेचा दांडा माझ्या हातात होता, त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. कमलाबाई, उद्या तेवढं करून टाका.

त्या मुलींत एक होती कोकिळा. नावासारखाच गळा. मराठीत बरी, इतिहासात चांगली, आणि गणितात शेवटच्या तासाला गाडीत. तिचे वडील रूपरावजी. शेतकरी माणूस, बोलायला कमी. ते आज आले आहेत, मागं खांबाजवळ बसले आहेत. रूपरावजी, टोपी डोळ्यांवर ओढू नका, मला दिसताय. दहावीत बसवताना त्यांनी मला याच दारात उभं राहून सांगितलं होतं :

‘बाई, पोरीले शिकवाले मी नाई नाही म्हनत. पन दिवस बुडाच्या आंधी पोरगी घरी पाह्यजे. ज्या दिवशी ते अंधारात आली, त्या दिवसापासून शाळा बंद. मंग तुमी आल्या तरी नाई अन् कलेक्टर आला तरी नाई.’

मी म्हटलं, ‘रूपरावजी, माझा शब्द आहे.’

माझा शब्द! त्या काळात मी शब्द फार सढळ हातानं वाटत होते.

सायंकाळची एक गाडी असती तर प्रश्नच नव्हता. मुलींना गणित मिळालं असतं आणि बापांना दिवसाउजेडी मुली. म्हणून मी काय करावं? अर्ज करावा? अर्ज केले होते. मी भैय्याजींच्या पुढच्या भाषणात एक परिच्छेद घातला. वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी तो असा काही म्हटला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले : ‘माझ्या भागातली एकही मुलगी अंधाराला भिऊन शाळा सोडणार नाही. मुलींसाठी सायंकाळची गाडी मी सुरू करीन.’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘मुलींसाठी सायंकाळची गाडी सुरू’. ‘करीन’ कुठं गेलं, देव जाणे. बहुधा जागा पुरली नसावी.

गाडी तर आली नव्हती. मी मोतीलालजींकडे गेले. मोतीलालजी, आपण मला काय म्हणालात आठवतं? आपण गादीवर बसून सुपारी कातरत होता. म्हणालात, ‘बाई, गाडी मागू नका. मागितलं की तो अर्ज होतो, अन् अर्ज फायलीत जातो. गाडी दिल्याबद्दल त्यांचा सत्कार करून टाका.’

मी म्हटलं, ‘अहो, पण गाडी दिलीच नाही.’

‘म्हणूनच तर! एकदा हार घेतला म्हणजे माणूस बांधला गेला. मग देईल नाही तर जाईल कुठं?’

बाहेरच्या लोकांना हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे ही रीतच आहे. विहीर पाहिजे असली की विहीर दिल्याबद्दल सत्कार. पूल पाहिजे असला की पुलाचे शिल्पकार म्हणून मानपत्र. नदीवर पूल नसतो, पण शिल्पकार असतो. या आगाऊ सत्काराच्या जोरावर आपल्या जिल्ह्यात किती पूल उभे राहिले ते मला ठाऊक नाही. हार मात्र पुष्कळ लागले.

आणि हार आमच्याकडेच होत. आपण वर्धा जिल्ह्यातली माणसं. पाहुण्याला सुताचा हार घालतो. ते सूत आमच्या मुली तकलीवर काढायच्या. चांगलं सूत हाराला जायचं, तुटकं परीक्षेला. भैय्याजींच्या त्या हारासाठी दहावीच्या मुलींनी आठवडाभर सूत काढलं. स्वागतगीताची तालीम निराळी. स्त्रीशिक्षणाची महती सांगणारं ते गीत बसवण्यासाठी मी मुलींचे तास बंद ठेवले. यात काही विसंगत आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. कोकिळा पुढं उभी राहणार होती. तिनं मला विचारलंसुद्धा, ‘बाई, बीजगणित कधी होईल?’ मी म्हटलं, ‘आधी दुसरं कडवं नीट कर.’

डिसेंबरचे दिवस. कार्यक्रम दुपारी एकचा ठेवला, म्हणजे पाचच्या गाडीला भरपूर अवकाश. रूपरावजींनी निरोप पाठवून विचारलं, ‘पोरगी रोजच्या गाडीत बसन नं?’ मी उलट निरोप दिला, ‘निश्चिंत असा.’

एक वाजता मांडव भरला. दोन वाजता मुलींनी स्वागतगीत म्हणून पाहिलं. तीन वाजता पुन्हा म्हणून पाहिलं. भैय्याजींच्या वाटेत आधी सेलूचा कार्यक्रम होता, तिथं त्यांनी माझंच भाषण केलं, आणि ते लांब होतं. चार वाजून गेल्यावर जीप आली. गीत झालं, हार झाला, मानपत्र झालं, तेच, आत्ता ऐकलंत ते. फोटोवाल्यानं सांगितलं की मुलींना भैय्याजींच्या पाठीमागं ओळीनं बसवा, चित्र भरल्यासारखं दिसेल. मी बसवल्या. मग भैय्याजी बोलायला उभे राहिले.

मी मांडवाच्या कडेला उभी होते. मंडळी, भाषण ऐकणाऱ्याला एक आशा असते, की हे आता संपेल. मला ती नव्हती. अजून किती परिच्छेद उरलेत हे मला ठाऊक होतं. भैय्याजी ‘समाजरूपी रथाची दोन चाकं’ इथं होते. त्यानंतर चूल होती, मूल होतं, उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्यावर मी दोन पानं खर्च केली होती.

तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा. मग गाडीचे कंडक्टर नत्थूजी स्वतः चालत मांडवात आले. मुलींना ते नावानिशी ओळखत.

‘बाई, पोरी कुठं हायेत? गाडी उभी हाये नं फाट्यावर.’

मी म्हटलं, ‘नत्थूजी, जरा थांबा. संपतच आलंय.’

‘डायवर बोंबलून राह्यला. आतली मंडळी मले शिव्या देऊन राह्यली. बसवा लवकर पोरीले.’

भैय्याजींचा एक कार्यकर्ता धावत आला. तोंडावर बोट ठेवून म्हणाला, ‘ओ कंडक्टर, हळू! साहेब महत्त्वाच्या मुद्द्यावर आले आहेत.’

‘कोनत्या?’

‘मुलींच्या गाडीच्या.’

‘मंग मी काय सांगून राह्यलो इतका वेळ?’ नत्थूजी म्हणाले. ‘मीबी गाडीचंच सांगून राह्यलो नं भाऊ!’

हसा. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

व्यासपीठावर कोकिळा अर्धी उठली होती. तिनं हॉर्न ऐकला होता. बाकीच्या मुली तिच्याकडे बघत होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. मघाशी ज्या नजरेपुढं ‘वरून फणस’ अर्धवट राहिलं, ती नजर. कोकिळा खाली बसली. पाहुणे बोलत असताना उठायचं नाही हे मीच शिकवलं होतं, आणि माझं शिकवणं कधी वाया जात नसे.

गाडी गेली. आवाज सगळ्यांनी ऐकला. तेव्हा भैय्याजी उजवा हात वर करून म्हणत होते, ‘यापुढं या भागातली एकही लेक रस्त्यावर ताटकळणार नाही!’ टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या.

कार्यक्रमानंतर मी जीपपाशी गेले. म्हटलं, ‘भैय्याजी, मुलींची गाडी चुकली.’ भैय्याजींना खरोखरच वाईट वाटलं. ते म्हणाले, ‘बाई, बिलकुल चिंता करू नका. व्यवस्था होऊन जाईल.’ त्यांना पुढं जाम गावात सभा होती. जीपमध्ये कार्यकर्ते, फोटोवाला, लाउडस्पीकरचा कर्णा आणि हारांची टोपली बसल्यावर व्यवस्थेला जागा उरली नव्हती. जीप गेली. व्यवस्था होऊन जाईल, म्हणजे कोण करील, हे मी विचारायला हवं होतं. पण ‘होऊन जाईल’ हा शब्दप्रयोगही त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता.

मुलींना घेऊन मी चालत निघाले. दिवस बुडाला. कापूस फुटलेल्या पऱ्हाटीच्या वावरांमधून रस्ता, बाजूनं कोणी नाही. मुली सुरुवातीला हसत होत्या, मग एकमेकींचे हात धरून चालू लागल्या. दूरवर कंदील हलताना दिसला. रूपरावजी बैलांची बंडी घेऊन समोरून येत होते.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सगळ्या मुलींना बंडीत चढवलं. मग मला म्हणाले, ‘बाई, तुमीबी बसा. वापस कशा जासान?’

मी बसले. थोड्या वेळानं ते बैलांकडे बघूनच बोलले, ‘उद्यापासून कोकिळा येनार नाई.’

‘रूपरावजी, परीक्षा तोंडावर आली आहे. आणि गाडी येणार आहे. भैय्याजींनी जाहीर केलं.’

‘कवा?’

‘आजच. मघाशी.’

‘म्हंजे गाडी गेली तवाच?’

कोकिळा मागून म्हणाली, ‘बाबा, माह्यी चूक नाई.’ ते म्हणाले, ‘तुयी नाई, मले मालूम आहे. पन शाळा तुयीच बंद होते.’

दुसऱ्या दिवसापासून कोकिळाची जागा रिकामी. आठ दिवसांनी मात्र ती सगळीकडे दिसू लागली. फोटोवाल्यानं काढलेल्या चित्राचं भैय्याजींच्या कचेरीनं पोस्टर केलं होतं. कोकिळा गाते आहे, तोंड उघडं, मागं भैय्याजींचा उंचावलेला हात. खाली मोठ्या अक्षरांत, ‘मी शिकणार, मी पुढे जाणार!’ ही ओळ कोणाची, हे सांगायला नकोच. कचेरीतून माणूस आला, एक जोरदार ओळ द्या म्हणाला, कुठल्या चित्राला ते मी विचारलं नाही. मला ओळ मागितली की मी देत असे.

ते पोस्टर आर्वीच्या कापूसबाजारात लागलं, आपल्या शाळेच्या भिंतीवर लागलं, फाट्यावर लागलं. आणि चिकटवणाऱ्यांना काही ठाऊक नसताना ते रूपरावजींच्या गोठ्याच्या भिंतीवरही लागलं, कारण ती भिंत रस्त्याकडे होती आणि चांगली सपाट होती.

मी रूपरावजींना समजवायला गेले तेव्हा ते वावरात होते. कोकिळा त्या भिंतीला गोवऱ्या थापत होती. पोस्टरच्या चारी बाजूंनी जागा सोडून, व्यवस्थित. मला बघून हात मागं लपवले. मग म्हणाली, ‘बाई, याच्यात माह्यं तोंड केवढं उघडं आहे!’

मी तशीच उठून वर्ध्याला भैय्याजींच्या कचेरीत गेले. सगळं सांगितलं. भैय्याजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘कोण कोकिळा?’ भैय्याजी, आपल्याला आठवणार नाही, गर्दी फार होती. ती आपल्या खुर्चीमागं होती, भिंतीवर. मी बोट दाखवलं. आपण वळून पाहिलंत आणि म्हणालात, ‘ही होय! फार छान आली आहे. बाई, एकीचं सोडा, हिला बघून किती मुली शिकतील याचा विचार करा.’

परत येताना मी तोच विचार केला. वाक्य चांगलं होतं. मी लिहिलं असतं तर याहून चांगलं लिहिता आलं नसतं. आणि तेव्हाच मला त्या वाक्याची भीती वाटली.

गावात आले तर मोतीलालजी भेटले. ते कापूस घेतात, रूपरावजी त्यांना विकतात. म्हणाले, ‘बाई, काल बाजारात चार लोक रूपरावला म्हणत होते, पोरगी फोटोत आली, पोरीला शिकवता, वाह! तो काय म्हणाला सांगू? काहीच नाही. शाळेतून काढली असं म्हणाला नाही. हसला. समजा आता.’

मी समजले. त्याच रविवारी दुपारी, सूर्य चांगला डोक्यावर असताना, मी आणि मोतीलालजी रूपरावजींच्या अंगणात गेलो. बरोबर सुताचा हार. चांगलं सूत भैय्याजींवर संपलं होतं, म्हणून परीक्षेचं तुटकं गाठी मारून घेतलं. रूपरावजी नुकते जेवून उठले होते. मी म्हटलं, ‘मुलीला दहावीपर्यंत शिकवणारे या गावातले पहिले पालक म्हणून शाळा आपला सत्कार करते आहे.’ आणि ते काही बोलायच्या आत मोतीलालजींनी हार घातला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण ते. टाळ्या वाजवायला शेजारचे रामाजी आणि एक वासरू.

रूपरावजी गोंधळले. ‘बाई, हे काय करून राह्यल्या? म्या तं पोरगी काढली शाळेतून!’

‘सत्कार तर झाला,’ मी म्हटलं. ‘आता परत कसा घेऊ?’

दारात कोकिळाची आई भागीरथाबाई उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, ‘काऊन उभे राह्यले असे? गळ्यात माळ घालून घेतली अन् पोरगी गोवऱ्या थापते! लोकं काय म्हनतीन?’

रूपरावजींनी हाराला हात लावला. काढला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘बाई, तुमी मले फसवून राह्यल्या.’

मी म्हटलं, ‘हो.’

त्यांनी हारातली एक गाठ बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाले, ‘सांगून फसवता तं ठीक हाये. तो भाषनवाला न सांगता फसवते. पन एक आयका. तुमच्या गाडीवर माह्या भरोसा नाई. गाडी येईपरेंत मी बंडी घेऊन येईन.’

आणि ते आले. मार्चपर्यंत रोज. शाळेच्या कुंपणाशी बंडी सोडून बसायचे. कोकिळा शेवटच्या तासाला गणित करायची, त्या वाटेवरच्या बाकीच्या मुलीही थांबायच्या, आणि सगळ्या एकाच बंडीतून जायच्या. नत्थूजी पाचच्या गाडीतून ओरडायचे, ‘काय रूपराव, भरली का तुमची एष्टी?’ भैय्याजींनी जाहीर केलेली सायंकाळची गाडी त्या वर्षी या रस्त्यावर खरोखरच धावली. तिला दोन बैल होते, एवढाच फरक.

मी पुष्कळदा विचार केला, की जो उपाय भैय्याजींवर चालला नाही तो रूपरावजींवर का चालला? भैय्याजींच्या घरी हार ठेवायला खुंट्या पुरत नाहीत. एखादा हार कशाबद्दल होता हे त्यांनी किती आठवावं? रूपरावजींच्या घरी एकच खुंटी, तिच्यावर एकच हार, तोही गाठींचा. रोज सकाळी टोपी काढताना तो दिसायचा. चूक भैय्याजींची नाही. आम्हीच त्यांना इतके हार घातले की त्यांना त्यांचं वजन वाटेनासं झालं. आणि प्रत्येक हाराबरोबर जायचं ते मानपत्र लिहायला मी होतेच.

कोकिळा पास झाली. गणितात जेमतेम, पण झाली. आज ती सेलूला नर्स आहे. मी तिला या समारंभाचं निमंत्रण पाठवलं होतं. तिचा निरोप आला, ‘बाई, तुम्हाला घरी येऊन भेटीन. कार्यक्रमाला येत नाही, तिथं फोटो काढतात.’

असो. माझं भाषण आवरतं घेते. आभार मानायचे आहेत. या मातीचा सुपुत्र म्हणून माझा गौरव केल्याबद्दल संस्थेचे आभार. मोतीलालजींचे आभार, त्यांच्या चांगल्या सल्ल्याबद्दल आणि वाईट सल्ल्याबद्दलही. दोन्ही सल्ले एकच होते. सहकाऱ्यांचे आभार, त्यांनी मला सहन केलं. रूपरावजी, तुमचे आभार मी मानत नाही, तुमचा सत्कार पूर्वीच झालेला आहे.

भैय्याजींनी मघाशी, आपल्या भाषणाच्या शेवटी, जाहीर केलं की येत्या महिन्यापासून मुलींसाठी सायंकाळची गाडी सुरू होत आहे. तेव्हा कमलाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या भाषणात याबद्दल साहेबांचे आभार मानाल का?’ भैय्याजी, आपल्याविषयी मला प्रेम आहे. आपण इतकी वर्षं माझे शब्द जितक्या निष्ठेनं वापरलेत, तितक्या निष्ठेनं मीही वापरले नाहीत. पण हे आभार मी आज मानणार नाही, आणि कमलाबाईंनीही मानू नयेत अशी माझी जाता जाता ताकीद आहे. गाडी येऊ द्या. ती फाट्यावर उभी राहू द्या, मुली तिच्यात चढू द्या. मग त्या खिडकीतून हात हलवतील. तो आपला सत्कार.

बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल, अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. तरी पोटात गेलं नाही, तर उद्यापासून मी घरीच आहे, येऊन भांडावं.

आणि मुलींनो, पाच वाजत आले आहेत. आभारप्रदर्शन व्हायचं आहे, अध्यक्षांचं भाषण व्हायचं आहे, हे मला दिसतं आहे. तरीही उठा. दप्तरं घ्या. नाही, माझ्याकडे बघू नका, मी आज कोणालाही खाली बसवणार नाही. समारोपाचं समूहगीत व्यासपीठावरची मंडळी म्हणतील; भैय्याजींना चाल येत नसेल, पण आवाज आहे. पाहुण्यांकडे पाठ झाली तरी चालेल. शाळेच्या आवारात धावायचं नाही, हा नियम माझाच.

धावा.